पंपाच्या इंजिनातील ऑइलची पातळी वाढली आहे. अधिक दाट ऑइल घालावे का?

प्रश्न

माझ्याकडे पेट्रोलवर चालणारी तीन लहान यंत्रे आहेत. पाणी उपसण्याच्या पंपाला १९६ सीसीचे, हवेने थंड होणारे फोर-स्ट्रोक इंजिन आहे. गवत कापण्याचे खांद्याला अडकवायचे यंत्र टू-स्ट्रोक आहे. आणि तिसरा एक लहान जनरेटर आहे, तो वीज गेली तरच चालतो. तिन्ही यंत्रांची देखभाल मी स्वतःच करतो, परंतु गेल्या महिन्यापासून पंपाच्या इंजिनाबाबत मला एक गोष्ट उलगडत नाही.

या पंपात मी सुरुवातीपासून १०डब्ल्यू-३० ग्रेडचे ऑइल वापरत आलो आहे. परवा ऑइल तपासण्यासाठी दांडी काढली, तेव्हा पातळी वरच्या खुणेच्याही वर गेलेली दिसली. मी मध्ये कधीही ऑइल भरलेले नाही. ऑइल बोटावर घेतले तर ते पाण्यासारखे पातळ लागते आणि दांडीवरून भरभर ओघळते. इंजिन सुरू होते, पण पहिली दोन-तीन मिनिटे पांढरट धूर येतो आणि पंप पूर्ण वेगात असताना आवाज पूर्वीपेक्षा कोरडा वाटतो. ओळखीच्या एका मिस्त्रींचे म्हणणे असे, की उष्णतेने ऑइल पातळ झाले आहे, तेव्हा २०डब्ल्यू-५० घालावे म्हणजे इंजिनाला आधार मिळेल. त्यांच्या सांगण्यावरून मी त्या ग्रेडचा डबा आणून ठेवला आहे, पण अजून उघडलेला नाही.

दोन वर्षांपूर्वी ऑइल कमी असताना चालवल्यामुळे माझ्या जुन्या पंपाचा कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) तुटून क्रँककेसला, म्हणजे इंजिनाच्या ऑइल असलेल्या खालच्या भागाला, भोक पडले होते आणि ते इंजिन पूर्णपणे निकामी झाले होते. तो प्रसंग अजून मनातून गेलेला नाही, म्हणून या वेळी अंदाजाने काही करण्याऐवजी आधी विचारतो आहे. दाट ऑइल घालणे योग्य ठरेल का? ऑइल किती तासांनी बदलावे? मोटारसायकलसाठी मिळणारे फोर-टी ऑइल पंपात आणि जनरेटरमध्ये वापरले तर चालेल का? आणि टू-स्ट्रोक यंत्राच्या पेट्रोलमध्ये ऑइलचे प्रमाण नेमके किती ठेवावे, कारण प्रत्येक जण वेगळा आकडा सांगतो?

पहिले उत्तर

पंप कृपया आत्ताच बंद ठेवा आणि हे उत्तर पूर्ण वाचल्याशिवाय तो सुरू करू नका, कारण तुम्ही सांगितलेल्या लक्षणांचा ऑइलच्या ग्रेडशी संबंध नाही. उष्णतेने ऑइल पातळ होते हे खरे असले, तरी थंड झाल्यावर ते पुन्हा दाट होते आणि उष्णतेने त्याची पातळी कायमची वाढत नाही. न भरता पातळी वाढली, याचा अर्थ बाहेरून दुसरे काहीतरी त्यात मिसळते आहे. पाणी मिसळले असते तर ऑइल दुधाळ, फेसाळ आणि उलट थोडे घट्ट दिसले असते. तुमचे ऑइल पातळ आहे, म्हणजे त्यात पेट्रोल उतरते आहे. दांडीचा वास घेऊन पाहा. पेट्रोलचा वास स्पष्ट येईल. मात्र ही तपासणी मोकळ्या हवेत करा आणि जवळपास ठिणगी किंवा ज्योत असू देऊ नका, कारण अशा वेळी क्रँककेसमध्ये पेट्रोलची वाफ साचलेली असते.

हे पेट्रोल कुठून येते ते समजून घेतले तर दुरुस्ती अवघड नाही. या इंजिनांत पेट्रोलची टाकी कार्ब्युरेटरच्या वर असते आणि पेट्रोल स्वतःच्या वजनाने खाली उतरते. कार्ब्युरेटरच्या वाटीत एक फ्लोट असतो. वाटी भरली की फ्लोट वर उचलला जातो आणि त्याला जोडलेली निडल पेट्रोलची वाट बंद करते. या निडलच्या टोकाला झिजेची कड पडली असेल, किंवा तिच्या बैठकीवर कचऱ्याचा एखादा कण अडकला असेल, तर वाट पूर्ण बंद होत नाही. मग यंत्र उभे असतानाही पेट्रोल झिरपत राहते, वाटीतून वर चढून इंजिनाच्या श्वासनळीत येते, इनटेक व्हॉल्व्ह त्या वेळी उघडा राहिला असेल तर सिलिंडरमध्ये उतरते आणि पिस्टन रिंगांच्या फटींतून हळूहळू खाली ऑइलमध्ये जाते. रात्रभरात हे पुष्कळ होऊ शकते. इंजिन थांबवल्यावर पेट्रोलचा कॉक बंद करण्याची सवय नसेल, तर ही शक्यता सर्वांत मोठी आहे.

दुसरे कारण एअर फिल्टर. फिल्टर धुळीने कोंदला की हवा कमी आणि पेट्रोल जास्त, असे मिश्रण सिलिंडरमध्ये जाते; न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचा ऑइलचा थर धुऊन टाकते आणि खाली उतरते. चोक अर्धवट लागलेला राहिला तरी हेच घडते. तुमच्या बाबतीत पातळी वरच्या खुणेच्याही पलीकडे गेली आहे, त्यामुळे माझा कल निडलकडे जास्त आहे, परंतु फिल्टरही उघडून पाहावा.

आता दाट ऑइलविषयी. पेट्रोल उतरत असताना २०डब्ल्यू-५० घातले, तर काही तासांत तेही पातळ होईल आणि मूळ दोष झाकला जाईल, एवढेच त्यातून साधेल. या इंजिनांत बहुधा ऑइलचा पंप नसतो. कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाला एक छोटा पळीसारखा भाग असतो, तो प्रत्येक फेरीला ऑइलमध्ये बुडतो आणि त्याचे तुषार वर उडवतो. त्याच तुषारांवर रॉड, क्रँक, कॅम आणि सिलिंडर जगतात. अनेक लहान इंजिनांत ॲल्युमिनियमचा रॉड थेट क्रँकच्या पिनवर फिरतो, मध्ये वेगळे बेअरिंग नसते. त्या दोघांच्या मध्ये फक्त ऑइलचा पापुद्रा असतो. पेट्रोलमिश्रित ऑइलचा पापुद्रा भार सहन करू शकत नाही आणि तुमच्या जुन्या पंपाचे जे झाले तेच पुन्हा घडते. फरक इतकाच, की तेव्हा ऑइल कमी होते आणि या वेळी ते भरपूर असूनही निरुपयोगी आहे. तुम्हाला कोरडा वाटलेला आवाज मी मुळीच दुर्लक्षिणार नाही.

पुढील क्रमाने करावे असे मी सुचवतो. पेट्रोलचा कॉक बंद करा. स्पार्क प्लग काढून दोरी हळूच ओढा. सिलिंडरमध्ये पेट्रोल साचले असेल तर ते प्लगच्या भोकातून बाहेर पडेल, म्हणून तोंड दूर ठेवा आणि प्लगची वायर बाजूला बांधून ठेवा. त्यानंतर सगळे ऑइल काढून टाका, नवे भरा आणि यंत्र सपाट जागेवर ठेवून दांडीवर पातळी नोंदवून घ्या. पहिली रात्र कॉक बंद ठेवून जाऊ द्या आणि सकाळी पातळी पाहा. दुसरी रात्र कॉक उघडा ठेवून, पण इंजिन न चालवता जाऊ द्या आणि पुन्हा पाहा. दुसऱ्या सकाळी पातळी वाढलेली असेल तर दोष निडलचा आहे यात शंका उरणार नाही. मात्र एका सकाळी पातळी वाढली नाही, म्हणून निडल निर्दोष असे समजू नका. इनटेक व्हॉल्व्ह बंद अवस्थेत थांबला असेल तर पेट्रोल आत न जाता बाहेर एअर फिल्टरकडे गळते, म्हणून फिल्टरच्या डब्याचा तळही ओला आहे का ते पाहा.

एक गोष्ट राहिली. पातळी मोजताना दांडी आटे फिरवून बसवायची की नुसती टेकवायची, हे इंजिनागणिक वेगळे असते. पुष्कळ इंजिनांत ती नुसती टेकवून पाहायची असते. घट्ट बसवून पाहिली तर पातळी असते त्यापेक्षा जास्त दिसते आणि ऑइल कमी असूनही आपण निश्चिंत राहतो. तुमच्या इंजिनाच्या पुस्तिकेत याविषयी काय सांगितले आहे ते एकदा पाहून ठेवा.

दुसरे उत्तर

वरील निदानाशी मी पूर्ण सहमत आहे. ग्रेडच्या प्रश्नाला थोडे सविस्तर उत्तर द्यायला हवे, कारण दोष दुरुस्त झाल्यावर कोणते ऑइल भरायचे हा प्रश्न उरतोच आणि डब्यावरचे आकडे बहुतेकांना कोणी समजावून सांगितलेले नसतात.

१०डब्ल्यू-३० यातील डब्ल्यू हे अक्षर इंग्रजीतील हिवाळ्याच्या शब्दाचे आहे. त्याच्या आधीचा आकडा थंडीतील वागणूक सांगतो आणि नंतरचा आकडा गरम इंजिनातील दाटपणा सांगतो. १०डब्ल्यू दर्जाच्या ऑइलची थंडीतील चाचणी उणे २५ अंश सेल्सियसला होते, तर २०डब्ल्यूची उणे १५ अंशांना. दुसरा आकडा १०० अंश सेल्सियसला मोजलेल्या दाटपणावरून ठरतो: ३० ग्रेडसाठी तो ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्सच्या (दाटपणा मोजण्याचे एकक) दरम्यान, ४० साठी १२.५ ते १६.३ आणि ५० साठी १६.३ ते २१.९ असावा लागतो. म्हणजे नुसते एसएई ३० (डब्ल्यूचा आकडा नसलेले ३० ग्रेडचे ऑइल) आणि १०डब्ल्यू-३० ही दोन्ही ऑइल इंजिन तापल्यावर एकाच पट्ट्यात येतात. फरक आहे तो थंड असतानाचा. त्यामुळे कडाक्याच्या थंडीत यंत्र सुरू करावे लागत असेल तर १०डब्ल्यू-३० सोयीचे, आणि सतत उष्ण हवेत जड काम असेल तर एसएई ३० अधिक टिकाऊ, असे माझे मत आहे. याचे कारण असे, की १०डब्ल्यू-३० हे मुळात हलक्या ऑइलमध्ये दाटपणा राखणारी पॉलिमर द्रव्ये घालून तयार केलेले असते. हवेने थंड होणाऱ्या इंजिनात ऑइल फार तापते, हलका भाग उडून जातो, पॉलिमर हळूहळू तुटतात आणि ऑइलचा खप वाढतो. काही इंजिन उत्पादक आपल्या पुस्तिकेत हे स्पष्टपणे लिहितात, की सुमारे २७ अंशांच्या वर १०डब्ल्यू-३० वापरल्यास ऑइल अधिक लागू शकते आणि पातळी वरचेवर पाहावी.

२०डब्ल्यू-५० घातल्याने इंजिन लगेच बिघडेल असे नाही, पण तुषारांवर चालणाऱ्या इंजिनात ते मला पसंत नाही. थंड असताना ते जड असल्यामुळे दोरी ओढणे कठीण जाते, पळीला ते उडवणे कठीण जाते आणि सुरुवातीच्या ज्या क्षणांत वंगणाची सर्वांत जास्त गरज असते, नेमके तेव्हाच ते वरपर्यंत उशिरा पोहोचते. पुस्तिकेतील तक्त्यात ते दिलेले नसेल तर तो डबा बंदच राहू द्या.

ग्रेडइतकेच महत्त्वाचे आहे ते एपीआयचे, म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचे, सेवा वर्गीकरण. पेट्रोल इंजिनांसाठी एस या अक्षराने सुरू होणारी जोडी असते आणि दुसरे अक्षर जितके पुढचे तितका दर्जा नवा: एसएन २०१० मधला, एसपी २०२० मधला. लहान इंजिनाला एसजे किंवा त्यापुढचा कोणताही दर्जा पुरतो. डब्यावर नुसते एसए असेल तर मात्र ते घेऊ नका. त्या दर्जात कोणतीही पूरक द्रव्ये नसतात आणि १९३० नंतरच्या बहुतेक मोटारगाड्यांच्या इंजिनांनाही ते योग्य मानले जात नाही. तरीही स्वस्त म्हणून ते अजून विकले जाते आणि त्यावरचा एसएई ३० हा आकडा पाहून माणूस फसतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

मोटारसायकलचे फोर-टी ऑइल चालेल का, या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे, ग्रेड आणि एपीआय दर्जा जुळत असेल तर. त्या डब्यावरचा जासो (जपानमधील वाहनविषयक मानक) एमए किंवा एमए२ हा शिक्का ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचसाठी असतो; क्लच घसरू नये म्हणून त्यात घर्षण फार कमी करणारी द्रव्ये नसतात. तुमच्या पंपात असा क्लच नाही, त्यामुळे त्या शिक्क्याचा फायदाही नाही आणि तोटाही नाही. फक्त अशी अनेक ऑइल २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० ग्रेडची असतात, तेवढे बघून घ्या. खनिज आणि सिंथेटिक ऑइल एकमेकांत मिसळल्यास काही बिघडत नाही, पण पंपाच्या पाण्याच्या बाजूला, एअर कॉम्प्रेसरला किंवा गिअरबॉक्सला वेगळे ऑइल सांगितले असेल तर तिथे इंजिन ऑइल घालू नका.

बदलण्याच्या तासांबाबत माझा हिशेब असा आहे. नवे इंजिन असेल तर पहिले ऑइल साधारण २० तासांनी आणि पुढे दर १०० तासांनी किंवा सहा महिन्यांनी, यांपैकी जे आधी येईल तेव्हा, असे या आकाराच्या अनेक इंजिनांच्या पुस्तिकांत असते. १०० तास ऐकायला थोडे वाटतात. पण गाडी ताशी ५० किलोमीटरने १०० तास चालली तर ५,००० किलोमीटर होतात, आणि गाडीत तीन-चार लिटर ऑइल व फिल्टर असतो; तुमच्या पंपात जेमतेम ०.६ लिटर ऑइल असते आणि फिल्टर मुळीच नसतो. धातूचे कण, काजळी आणि धूळ जे काही आत जाईल ते पुढच्या बदलापर्यंत आतच फिरत राहते. म्हणून धुळीत किंवा पूर्ण भारावर काम असेल तर मी ५० तासांनीच बदलतो. बदलताना इंजिन पाच मिनिटे चालवून बंद करावे, म्हणजे गाळ तरंगत असतानाच ऑइलबरोबर निघून जातो. मात्र तुमच्या पंपातले सध्याचे पेट्रोलमिश्रित ऑइल काढताना इंजिन सुरू करायचे नाही. ते थंडच काढा.

काढलेले ऑइल काळे दिसले म्हणून घाबरू नये. काजळी धरून तरंगत ठेवणारी द्रव्ये आपले काम करत आहेत, एवढाच त्याचा अर्थ आहे. ते ऑइल हातमोजे घालून हाताळा, जमिनीत किंवा गटारात ओतू नका, आणि बंद डब्यात साठवून वापरलेले ऑइल घेणाऱ्याकडे द्या.

तिसरे उत्तर

टू-स्ट्रोकविषयी माझा अनुभव सांगतो. पुस्तिकेत ५०:१ (५० भाग पेट्रोलला एक भाग ऑइल) लिहिलेले असले तरी मी नेहमी २५:१ घालतो, कारण ऑइल जास्त गेले तर इंजिनाला वंगण जास्त मिळते आणि इंजिन जाम होण्याची भीती राहत नाही. धूर थोडा जास्त येतो, पण यंत्रापुढे धुराची काय किंमत?

चौथे उत्तर

तिसऱ्या उत्तरामागची काळजी मला समजते, पण त्या सल्ल्याशी मी सहमत होऊ शकत नाही. गवत कापण्याची यंत्रे मी बरीच वर्षे दुरुस्त करतो आहे आणि जास्त ऑइलमुळे अडलेली यंत्रे माझ्याकडे नेहमी येतात. एक्झॉस्टचे तोंड आणि सायलेन्सरमधली बारीक जाळी काजळीने इतकी कोंदलेली असते, की इंजिन वेग घेत नाही. मालकाला वाटते कार्ब्युरेटर बिघडला, आणि तो जेटच्या स्क्रूशी खेळत बसतो. प्लग ओला आणि काळा होतो, रिंगा खाचांत चिकटतात. शिवाय एक सूक्ष्म गोष्ट अशी, की जेटमधून ठरावीक द्रवच जातो. त्यात ऑइलचा वाटा वाढला की पेट्रोलचा वाटा तेवढा घटतो आणि मिश्रण थोडेसे हलके होते. २५:१ मध्ये हा फरक सुमारे दोन टक्केच आहे, पण हलक्या मिश्रणाने इंजिन अधिक तापते, म्हणजे ज्या भीतीने आपण ऑइल वाढवले तिच्या दिशेनेच आपण सरकतो.

प्रमाण यंत्राच्या पुस्तिकेचेच पाळावे. ५०:१ म्हणजे एक लिटर पेट्रोलला २० मिलिलिटर ऑइल, ४०:१ म्हणजे २५ मिलिलिटर आणि २५:१ म्हणजे ४० मिलिलिटर. जुन्या यंत्रांना २५:१ सांगितलेले असते, कारण तेव्हाची ऑइल तशी होती. यंत्राने २५:१ मागितले असेल तर ते बिनशंक द्यावे. टोपणाच्या अंदाजाने मोजू नका, औषधाची सिरिंज किंवा खुणा असलेली बाटली वापरा. आधी अर्धे पेट्रोल, मग ऑइल, मग हलवून उरलेले पेट्रोल, अशा क्रमाने वेगळ्या डब्यात मिसळा आणि टाकीत ओतण्यापूर्वी पुन्हा हलवा. टाकीत थेट ऑइल ओतले तर ते तळाशी बसते. पहिली काही मिनिटे इंजिनाला जवळपास नुसते ऑइल मिळते आणि नंतर नुसते पेट्रोल. इंजिन जाम होते ते या दुसऱ्या भागात.

मला प्रमाणापेक्षाही ऑइलचा दर्जा महत्त्वाचा वाटतो. डब्यावर जासो एफसी किंवा एफडी असावे. एफसीमध्ये धूर कमी असतो आणि एफडीमध्ये त्याबरोबर गरम पिस्टन स्वच्छ ठेवण्याची क्षमता जास्त असते. टीसी-डब्ल्यू३ असे लिहिलेले ऑइल होडीला लावायच्या, पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनांसाठी बनवलेले असते. ती इंजिने कमी तापतात आणि त्या ऑइलमध्ये राख करणारी द्रव्ये नसतात. हवेने थंड होणाऱ्या, मिनिटाला आठ-नऊ हजार फेऱ्यांवर चालणाऱ्या यंत्रात ते अपुरे पडते. फोर-स्ट्रोकचे ऑइल तर पेट्रोलमध्ये कधीही मिसळू नये, कारण ते जळण्यासाठी बनवलेलेच नसते आणि त्याची राख प्लगवर व पिस्टनच्या माथ्यावर थर धरते.

मिसळलेले पेट्रोल एका महिन्यात संपवा. पेट्रोलमध्ये इथेनॉल असेल तर ते हवेतला ओलावा ओढते. पाणी जास्त झाले की इथेनॉल आणि पाणी मिळून खाली वेगळा थर करतात, आणि तळातून पेट्रोल ओढणाऱ्या नळीला तोच थर आधी मिळतो. त्या थरात ऑइल जवळजवळ नसते. बरेचसे जाम झालेले पिस्टन मला असेच, चार-पाच महिने पडून राहिलेल्या मिश्रणावर चाललेले दिसले आहेत.

प्रश्नकर्त्याचा पुढील मजकूर

सर्वांचे मनापासून आभार. मी सांगितल्याप्रमाणे दोन रात्री तपासणी केली. प्लग काढून दोरी ओढली तेव्हा भोकातून पेट्रोलची चिळकांडी उडाली, इतके ते आत साचले होते. ऑइल काढले तर ०.६ लिटरऐवजी जवळपास ०.९ लिटर द्रव निघाला आणि त्याचा वास पेट्रोलचाच होता. नवे ऑइल भरून कॉक बंद ठेवला, त्या सकाळी पातळी जागच्या जागी होती. कॉक उघडा ठेवलेल्या रात्रीनंतर ती दांडीवर सुमारे पाच मिलिमीटर चढली होती.

कार्ब्युरेटरची वाटी उघडली. निडलच्या रबरी टोकाभोवती नखाला जाणवेल अशी गोल खाच पडलेली आहे आणि वाटीच्या तळाशी तांबूस गाळ होता. निडल बदलली, बैठक स्वच्छ केली, टाकीतले पेट्रोल पूर्ण काढून जाळी धुतली. एअर फिल्टरचा फोम काळा पडून कडक झाला होता, तोही बदलला. त्यानंतर आणखी दोन रात्री कॉक मुद्दाम उघडा ठेवला, पातळी हललेली नाही आणि फिल्टरच्या डब्याचा तळही कोरडा आहे. ते पेट्रोल चढलेले ऑइल पुन्हा काढून आता एसएई ३०, एसएल दर्जाचे ऑइल भरले आहे. धूर थांबला आहे. आवाज पूर्वीसारखा वाटतो, पण माझ्या कानावर माझा पूर्ण विश्वास नाही. पातळ ऑइलवर पंप किती तास चालला असेल हे मला ठाऊक नाही. रॉडला इजा झाली आहे की नाही, हे इंजिन न उघडता कळेल का?

आणि जनरेटरचा प्रश्न मागे राहिला. तो वर्षभरात जेमतेम दहा तास चालतो. मी दर आठवड्याला त्याला दोन मिनिटे सुरू करून बंद करतो. १०० तास व्हायला त्याला दहा वर्षे लागतील, तोपर्यंत ऑइल तेच ठेवायचे का?

दुसरे उत्तर देणाऱ्यांचे म्हणणे

जनरेटरबाबत आधी सांगतो, कारण आठवड्यातून दोन मिनिटे ही सवय आजच थांबवावी अशी माझी विनंती आहे. एक लिटर पेट्रोल जळले की साधारण एक लिटर पाणी तयार होते. त्यातले बहुतेक वाफ होऊन सायलेन्सरमधून निघून जाते, पण थोडे रिंगांच्या फटींतून क्रँककेसमध्ये उतरते. इंजिन नीट तापले तर ते पुन्हा वाफ होऊन ब्रीदरमधून, म्हणजे क्रँककेसच्या हवा सोडणाऱ्या वाटेतून, बाहेर जाते. दोन मिनिटांत इंजिन तापतच नाही. पाणी आत राहते, ज्वलनातल्या आम्लांशी मिळते आणि ऑइल भरण्याच्या झाकणाखाली पिवळसर साय धरते. झाकण उघडून पाहा, ती बहुधा असेल. त्यापेक्षा महिन्यातून एकदा अर्धा तास, निम्म्या भारावर, आणि नेहमी मोकळ्या जागेत चालवा. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो आणि वास नसतो, म्हणून दार उघडे असलेली खोलीही त्यासाठी चालत नाही. ऑइल तासांवर न ठेवता दर सहा महिन्यांनी बदला, आणि फारच कमी वापर असेल तर निदान वर्षातून एकदा तरी बदलाच. तो बंद करताना चावीने न करता कॉक बंद करून करा, म्हणजे वाटीतले पेट्रोल जळून संपते आणि जेटमध्ये गोंद धरत नाही.

दोन-तीन महिने वापर नसेल, तर यंत्र ठेवून देण्यापूर्वी ऑइल बदला, नंतर नव्हे. वापरलेल्या ऑइलमधली आम्ले उभ्या इंजिनातही बेअरिंग खात राहतात. प्लगच्या भोकातून चमचाभर स्वच्छ ऑइल सिलिंडरमध्ये सोडा, दोरी दोन-तीनदा सावकाश ओढा आणि जिथे दोरी जड लागते तिथे थांबा. त्या जागी दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात आणि दमट हवा आत जात नाही.

पहिले उत्तर देणाऱ्यांचे म्हणणे

निदान पक्के झाले याचा आनंद वाटला, आणि तुम्ही ऑइल दुसऱ्यांदा बदललेत हे फार चांगले केलेत.

रॉडविषयी: इंजिन उघडण्याआधी दोन गोष्टी करता येतात. प्लग काढून फ्लायव्हील हाताने अगदी थोडे मागे-पुढे हलवा आणि पिस्टनवर, प्लगच्या भोकातून, लाकडाची स्वच्छ काडी टेकवून धरा. फ्लायव्हील हलले पण काडी हलण्याआधी मध्ये स्पष्ट ‘टक’ असा खुळखुळाट जाणवला, तर रॉडच्या टोकाला सैलपणा आला आहे. काडी मोडून आत पडणार नाही इतकी जाड घ्या.

दुसरी गोष्ट, आत्ता भरलेले ऑइल १०० तास ठेवू नका. पाच तासांनी काढा, स्वच्छ पांढऱ्या भांड्यात घ्या आणि उन्हात धरून पाहा. राखाडी गढूळपणा थोडा असेल तर चिंता नको, जुना गाळ सुटतो आहे. चांदीसारखी चमकणारी चिमूट-चिमूट पूड भांडे हलवल्यावर तरंगताना दिसली, तर ती बहुधा ॲल्युमिनियमची आहे आणि रॉडमधून येत असण्याची शक्यता मोठी आहे. मग पंप चालवू नका, बाजूचे झाकण उघडून रॉड व क्रँकची पिन पाहून घ्या. पूड नसेल तर पुन्हा नवे भरा, आणखी २५ तासांनी एकदा तसेच पाहा, आणि मग नेहमीच्या हिशेबावर या. भांड्यातले ऑइल काढल्याबरोबर पाहू नका, तासभर स्थिर ठेवून नंतर पाहा. कण तळाशी बसल्यावर ते अधिक स्पष्ट दिसतात.